आधी सांगा, तुम्ही काय केलंत?

लालबागला आमच्या लॉन्ड्रीच्या काउंटरवर मी एकतीस वर्षं बसले. गिऱ्हाईक पिशवीतून कपडा काढायचं आणि विचारायचं, "काकू, जाईल का हो हा डाग?" माझे तीन प्रश्न ठरलेले. काय सांडलं? कधी सांडलं? घरी काय करून बघितलंत? पहिल्या दोहोंची उत्तरं पटकन यायची. तिसऱ्याला माणसं भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघायला लागायची.

सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हा गिरण्या चालू होत्या, तेव्हा डाग म्हणजे मशीनचं तेल. १९८२च्या संपानंतर ते डाग हळूहळू गेले. मग ऑफिसच्या शर्टांवर शाई आणि चहा, आणि आता टॉवरमधून येणाऱ्या पांढऱ्या सोफा कव्हरवर वाइन. डाग बदलले, तिसऱ्या प्रश्नाला गप्प बसणं तेवढं तसंच राहिलं. या महिन्याच्या पत्रांतही तेच आहे. डागाचं वर्णन अर्धं पान, आणि शेवटी एक ओळ, "सगळे घरगुती उपाय करून झाले." अहो, ते सगळे कोणते, तेच तर मला हवंय. निम्म्या वेळा मला मूळ डाग काढायचा नसतोच, तुमचा उपाय काढायचा असतो.

मिस्टरांच्या पांढऱ्या सुती शर्टावर सुरमईच्या कालवणाचे थेंब पडले. मी लगेच कपड्याची वडी घासली, तर पिवळा डाग लालभडक झाला! वडीत काही भेसळ असेल का? शर्ट दोनदाच घातलेला आहे.
— एक गृहिणी, दहिसर

वडीला दोष देऊ नका, ती बिचारी चांगली आहे. हळदीच्या पिवळ्या रंगाला, म्हणजे कुरकुमिनला, अल्कली लागली की तो तांबडा होतो. साबणाची वडी, धुण्याचा सोडा, चुना, सगळे त्याच जातीचे. आपल्याकडे पूर्वी कुंकू करायचे ते हळदीला चुना लावूनच. थोडक्यात, तुम्ही मिस्टरांच्या शर्टावर कुंकू केलंत. भरपूर पाण्याने साबण काढा, वर चार थेंब लिंबू पिळा, डाग परत पिवळा होईल. गेला नाही, फक्त रंग बदलला, एवढं लक्षात ठेवा. पण लाल बघून घाबरून बायका जे पुढे करतात, उकळतं पाणी काय, तारेची घासणी काय, ते टळतं.

आता खरं काम. कालवणाच्या डागात दोन गोष्टी असतात, तेल आणि हळद. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून तो तेलाचा हात धरून धाग्यात शिरतो. म्हणजे आधी तेल काढायला हवं. भांडी घासायचं लिक्विड डागावर थेट थेंबभर घाला, बोटाने हलकेच मुरवा, पंधरा मिनिटं ठेवा आणि कोमट पाण्याने धुवा. डाग पुन्हा थोडा तांबूस होईल, होऊ दे. तेलकटपणा गेला असं हाताला वाटेपर्यंत दोनदा-तीनदा करा.

मग शर्ट ओलाच उन्हात टाका, डागाची बाजू वर करून. हळदीला ऊन सोसत नाही, हा तिचा दुसरा स्वभाव. सकाळी टाकलेला शर्ट संध्याकाळी बघा, फिका झालेला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून टाका. आमच्या चाळीच्या गच्चीवर मी असे कितीतरी शर्ट नुसते वाळवून "डाग काढण्याचे" पैसे घेतलेत, आज कबूल करते. आता त्या गच्चीवर साडेअकरालाच समोरच्या टॉवरची सावली येते, तो भाग वेगळा.

ऊन नसेल तर ऑक्सिजनवाली पावडर आणा. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात "सोडियम परकार्बोनेट" लिहिलेलं असतं, तेवढं बघा, पुढच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाकिटावरच्या प्रमाणाने घालून तासभर भिजवा. गार पाण्यात ही पावडर फार आळशीपणा करते, आणि मग लोक म्हणतात, पैसे वाया गेले. शर्ट रंगीत असता तर उन्हाचा उपाय उलटा करून आणि थोडा वेळच करा म्हणाले असते, कारण ऊन हळदीबरोबर शर्टाचाही रंग नेतं. आणि हो, पिवळा पडलेला प्लास्टिकचा डबाही धुऊन उन्हातच ठेवा.

नवीन चादरीवर रक्ताचा डाग पडला. कढत पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवली. आता डाग तपकिरी झाला आहे. कृपया नाव-गाव छापू नये.

नाही छापत. पण यात लपवण्यासारखं काहीही नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही या महिन्यातल्या चौथ्या आहात.

अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं की नाही? रक्तही तसंच. त्यात प्रथिनं असतात, ती कढत पाण्याने गोठतात आणि धाग्याला चिकटून बसतात. रक्त, दूध, अंडं, उलटी, यांना पहिलं पाणी गारच. आता चादर शिजलीच आहे, तर एन्झाइम असलेली पावडर साध्या पाण्यात घालून रात्रभर भिजवा. एन्झाइम ही प्रथिनं तोडतात. सकाळी जे उरेल त्यावर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर ३ टक्के असेल तर तसंच, ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी घालून. फसफसेल, ते बघत बसू नका, फेस शमला की गार पाण्याने धुवा आणि लागलं तर पुन्हा घाला. चादर रंगीत असेल तर आधी कोपऱ्यावर थेंब टाकून बघा.

आईची जुनी पैठणी भावाच्या लग्नात नेसले होते. मसालेभातावरचं तूप पदरावर सांडलं. बहिणीने लगेच टाल्कम पावडर टाकली. आता मोबाइलवर व्हिडिओ बघितला, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून कुठलाही डाग जातो असं दाखवलंय. करून बघू का? आई आता नाही, त्यामुळे भीती वाटते.
— मुलुंड

बहिणीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. सोडा आणि व्हिनेगर मात्र ओट्यावरच राहू द्या.

हा व्हिडिओ मला दर महिन्याला कोणीतरी पाठवतं, म्हणून एकदाच सांगते. सोडा अल्कली, व्हिनेगर ॲसिड. दोघं एकत्र आले की एकमेकांची ताकद मारतात. जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, सोडा वॉटरच्या बाटलीतला. तो उडून गेल्यावर वाडग्यात जवळजवळ खारट पाणी उरतं. फेस दिसला की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं, एवढीच त्याची जादू. वेगवेगळे वापरा, दोघंही गुणी आहेत. सोडा फ्रिजमधला वास काढतो, व्हिनेगर नळावरचा पांढरा थर काढतं. लग्न लावलंत की दोघंही निकामी.

आणि रेशमाला तर दोन्ही नकोत. रेशीम म्हणजे किड्याने विणलेलं प्रथिन. सोड्याने त्याची चमक जाते, वर सांगितलेल्या एन्झाइमच्या पावडरने ते कुरतडलं जातं, आणि ब्लीचने पिवळं पडून विरतं. जरीला लिंबू-व्हिनेगर लावलं तर तीही बिघडते.

पाणीसुद्धा नको, हे मी फार महाग शिकले. लॉन्ड्रीत येऊन दोन वर्षं झाली होती. एका बाईंच्या जांभळ्या पैठणीवर चहाचा एक थेंब होता, उडदाएवढा. सासरे जेवायला गेलेले. मी हुशारी केली, ओल्या फडक्याने टिपून काढला. डाग गेला! सासरे येईपर्यंत त्या जागी बशीएवढं वर्तुळ उमटलं होतं. पाणी पसरत जाताना रंग आणि खळ स्वतःबरोबर कडेला नेतं आणि तिथेच वाळतं, त्याची ती रेघ. सासरे ओरडले नाहीत. त्यांनी त्या बाईंना साडीची किंमत विचारली आणि महिन्या-महिन्याने पैसे दिले. मला वर्षभर पैठणीला हात लावू दिला नाही. उडदाएवढा डाग निऱ्यांत सहज लपला असता.

तुमच्या साडीवर आता काय करायचं? टाल्कम एक रात्र राहू द्या, तिने जेवढं तूप प्यायचं तेवढं प्यायलं असेल. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने झटका, चोळू नका. हवं तर पुन्हा एकदा टाका. मग ड्राय क्लीनरकडे न्या. तिथे पाण्याऐवजी द्रावक वापरतात आणि तुपाला ते छान लागू पडतं. पदरावर एक चिठ्ठी टाचणीने नाही, दोऱ्याने टाका घालून लावा: "तूप, मसालेभात, अमुक तारीख, टाल्कम लावलं आहे." साडी उलगडून डागावर बोट ठेवून दाखवा. काउंटरवर बसलेली बाई असली तर ती तुम्हाला मनातल्या मनात दुवा देईल.

त्याच जेवणात मठ्ठा किंवा सरबत उडालं होतं का, तेही आठवून सांगा. साखरेचा डाग वाळला की दिसत नाही, आणि द्रावकाने तो जातही नाही. महिन्यांनी कपाटातून साडी काढली की तो पिवळा होऊन वर येतो. मग लोक ड्राय क्लीनरवर डाफरतात.

आमच्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी येतं. बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा थर बसला आहे. संडासात टाकायचं लिक्विड ओतलं, फरक पडेना म्हणून वरून ब्लीच ओतलं. इतका ठसका लागला की बाहेर पळालो. डाग तसाच आहे. आणखी स्ट्राँग काय मिळेल?
— निवृत्त बँक कर्मचारी, कांदिवली

साहेब, आधी हे सांगा, आता श्वास नीट लागतोय ना? अजून खोकला किंवा छातीत जळजळ असेल तर हे वाचणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा.

संडासाच्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, जो पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला होता तोच. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, खिडकी म्हणजे दोन काचेच्या पट्ट्या, तिथे तो तुम्ही तयार केलात. ब्लीच कशातही मिसळायचं नाही. ॲसिडमध्ये नाही, व्हिनेगरमध्ये नाही, अमोनियावाल्या काच पुसायच्या पाण्यात नाही. फक्त साधं गार पाणी. घरात काम करणाऱ्या मावशींनाही हे सांगा, कारण बाथरूम बहुधा त्याच घासतात आणि त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

थराचं म्हणाल तर तो मळ नाहीच. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत. ब्लीच त्यांचं काहीच करत नाही, तुम्ही ड्रमभर ओतलंत तरी. त्याला हवं मवाळ ॲसिड, आणि वेळ. किराणावाल्याकडून लिंबूसत्त्व आणा, दोन मोठे चमचे एक लिटर कोमट पाण्यात विरघळवा. जुनी फडकी त्यात भिजवून टाइल्सवर चिकटवा, वीस मिनिटं. मग ब्रश, मग भरपूर पाणी. थर जुना असेल तर तीन रविवार लागतील. "स्ट्राँग" शोधण्यापेक्षा फडकं ओलं ठेवा. ब्लीच ओतलेली जागा मात्र आधी दोन-चार बादल्या पाण्याने धुऊन काढा आणि हे काम दुसऱ्या दिवशी करा. कारण वरच्या परिच्छेदात.

खाली जमीन कोटा किंवा मार्बलची असेल तर तिच्यावर हे ओघळू देऊ नका. का, ते पुढच्या पत्रात.

पांढऱ्या मार्बलचं देवघर आहे. समईचं तेल आणि कुंकू सांडून डाग पडले. पितळेची भांडी मी चिंचेने लख्ख करते, म्हणून चिंचेचा कोळ लावला. कुंकू थोडं निघालं, पण तिथली चकाकी गेली. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं.
— सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, विलेपार्ले

सांगू नका, आधी वाचा.

मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चिंच, लिंबू, व्हिनेगर, ताक, काहीही आंबट लागलं की तो दगड तिथे थोडा विरघळतो. तुमची खरखर म्हणजे डाग नाही, दगडाची साल गेली आहे. ते कुठल्याही बाटलीने भरून येत नाही. मार्बल पॉलिश करणारा माणूस बोलवावा लागेल, एवढ्याशा जागेचं काम असतं. जुन्या घरांतला काळा कडप्पाही याच कुळातला बरं का, त्याच्यावर लिंबू चिरून ठेवलं की सकाळी फिक्कट ठसा. ग्रॅनाइट त्या मानाने निबर.

उरलेल्या तेलावर लेप लावा. खायचा सोडा आणि पाणी, थालीपिठाइतकं घट्ट. बोटभर जाड थापा, वर प्लास्टिकची पिशवी, कडा चिकटपट्टीने बंद, आणि एक दिवस तसंच. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळता वाळता तो तेल ओढून घेतो. जुन्या तेलाला तीन-चार लेप लागतात. कुंकू कुठलं आहे त्यावर आहे. हळदीचं असेल तर खिडकीतल्या उन्हाने फिकं होईल. बाजारातलं रंगाचं असेल तर पांढऱ्या मार्बलवर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस दोन-तीन तास ठेवून बघा. आणि समईखाली ताम्हन ठेवा. तेवढं सासूबाईंनीही सांगितलं असेल.

शाळेच्या शर्टाच्या खिशात बॉलपेन फुटलं. आई म्हणते दुधात भिजव.
— सातवीतला मुलगा, घाटकोपर

दूध तू पी. शर्टाच्या आत खिशामागे जुना पांढरा रुमाल ठेव, आणि वरून सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टीप. घासू नकोस, टीप. शाई रुमालात उतरेल, रुमालाची जागा बदलत राहा. स्पिरिट नसेल तर हाताचं सॅनिटायझर. गॅस पेटलेला असताना स्वयंपाकघरात हे करायचं नाही, आणि आई शेजारी हवी. पेन जेलचं असेल तर मात्र थोडंफारच जाईल, कारण त्यात बहुधा विरघळणारी शाई नसून रंगाची पूड असते. आईला सांग, नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्याने काही कृत्रिम कापडं चक्क विरघळतात. बहिणीच्या फ्रॉकचं अस्तर असं गेलेलं मी पाहिलंय.

गणपतीला गावी गेलो होतो, रत्नागिरीकडे. मुलाचा पांढरा झब्बा विसर्जनाच्या दिवशी लाल मातीने माखला. इथे आल्यावर ब्लीचमध्ये रात्रभर ठेवला. माती तशीच आहे आणि झब्बा पिवळट झाला. असं कसं?
— चाकरमानी, भांडुप

दर वर्षी गणपतीनंतरच्या आठवड्यात आमची लॉन्ड्री लाल व्हायची. अर्धा लालबाग कोकणातला, बॅगा उघडल्या की थेट काउंटरवर.

कोकणची माती लाल आहे ती जांभ्या दगडातल्या लोहामुळे. म्हणजे तो साध्या अर्थाने मळ नाही, गंज आहे. गंजावर ब्लीच घातलं की तो जात नाही, उलट घट्ट बसतो. पावसाळ्यात तारेच्या हँगरचे किंवा गॅलरीतल्या दांडीचे डाग पडतात, त्यांचीही हीच कथा. मुंबईच्या रस्त्यावरचा काळा चिखल वेगळा, त्यात गाड्यांचं तेल असतं, त्याला भांड्यांचं लिक्विड चालतं.

पिवळेपणाचं काय, तर झब्ब्याच्या आत शिवणीला लेबल असेल ते बघा. त्रिकोण म्हणजे ब्लीच. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. त्रिकोणात दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनवाली पावडर चालेल. झब्बा सिल्क मिक्स किंवा तसल्या कापडाचा असेल तर तो पिवळेपणा आता त्याचाच. पूर्ण सुती असेल तर ऑक्सिजनच्या पावडरने थोडा उतरेल.

मातीसाठी मात्र क्रम पाळा. पहिलं, झब्ब्यातलं ब्लीच पूर्ण जाईपर्यंत चार-पाच पाण्यांतून काढा, वास येईनासा होईपर्यंत. कांदिवलीच्या साहेबांचं पत्र पुन्हा वाचा, कारण पुढची पायरी ॲसिडची आहे. मग लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात, लिटरला एक मोठा चमचा, तासभर. डागावर थोडं मीठ आणि लिंबू चोळून उन्हात ठेवलंत तरी चालेल, आजीचा उपाय आहे आणि खरा आहे. तरीही राहिला तर गंज काढायचं ऑक्झॅलिक ॲसिडचं औषध मिळतं. ते विषारी आहे. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, आणि नंतर भरपूर धुवा.

पुढच्या वर्षी गावीच झब्बा वाळू द्या. वाळलेली माती आधी झटका, ब्रशने काढा, मगच पाणी. ओल्या मातीवर पाणी ओतणं म्हणजे ती आत ढकलणं.

जुलैपासून कपाटातल्या कॉटनच्या साड्यांवर काळे ठिपके आणि कुबट वास. डांबरगोळ्या भरपूर टाकल्या आहेत.
— तळमजला, दादर

डांबरगोळ्या किड्यांसाठी. बुरशी त्यांना विचारत नाही, तिला फक्त दमटपणा हवा. साड्या बाहेर नेऊन झटका, घरात नाही, नाहीतर कण दुसऱ्या कपाटात जाऊन बसतील. रंगीत साड्यांना ऑक्सिजनची पावडर, रंग पक्का आहे का ते कोपऱ्यावर बघून. पूर्ण पांढऱ्या सुतीला ब्लीच चालेल, अर्ध्या बादलीला पाव वाटी, दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. काळे ठिपके महिनाभर बसले असतील तर खूण राहील. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागे वारा फिरू दे. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, त्यात पाणी जमलं की ओतून द्या, साडीवर सांडू देऊ नका. आणि इस्त्री केलेली साडी गरम असताना घडी घालून कपाटात नको. वाफ आतच राहते.

केळफुलाची भाजी करताना मिस्टरांचा नवा टी-शर्ट घालून बसले होते, कारण माझा गाऊन वाळत होता. त्यावर चीक उडाला. तेव्हा दिसला नाही, धुतल्यावर काळे-तपकिरी डाग उमटले. साबण, लिंबू, ब्लीच, स्पिरिट, रॉकेल, टूथपेस्ट, सगळं झालं.
— गोरेगाव

तिसऱ्या प्रश्नाचं एवढं पूर्ण उत्तर या महिन्यात तुम्ही एकट्यांनी दिलंत, म्हणून वाईट वाटतंय. कारण नाही जाणार.

केळीच्या चिकात टॅनिन असतं. ते हवेने काळं पडतं आणि धाग्याला रंगासारखं धरतं. उडाल्या उडाल्या, दिसत नव्हता तेव्हा, काही करता आलं असतं. पूर्वी कपड्यांवर निशाण्या करायला परीट बिब्ब्याचा रस वापरायचे, का तर तो कधी जात नाही म्हणून. केळीचा चीक फार मागे नाही. एकतीस वर्षांत माझ्याकडून केळीचा जुना डाग पूर्ण निघाला असं एकदाही झालं नाही. सासरेही असे कपडे हातात घेऊन, उलटून-पालटून, घडी घालून परत द्यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत.

रॉकेल लावलंय म्हणताय, तर तो टी-शर्ट मशीनमध्ये टाकू नका आणि इस्त्रीही नको, आधी मोकळ्या हवेत वास जाईपर्यंत टांगा. मग स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा ठोका आणि त्यावर ठेवा. केळफूल, फणस, कच्ची केळी, सुरण, जे काय चिकाचं असेल ते तो घालून चिरा. हाताला आणि विळीला तेल लावा. मिस्टरांना नवीन घेऊन द्या, आणि रंग जरा गडद बघा.